चौक सुधारायचाय आणि जवळ शिळावर्तुळं आहेत? परवानगीचा अर्ज असा करा

नागपूरहून काटोल रोडने गेलं की जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली ही दगडांची रिंगणं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. वळण सरळ करायला आलेल्या जेसीबीवाल्याला मात्र ते साधे धोंडेच दिसतात, आणि एकदा हलवलेला दगड परत त्याच जागी बसत नाही. म्हणून काम कितीही छोटं असो, पाहणी आधी.

पहिला प्रश्न अंतराचा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. त्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच काम करता येणारं क्षेत्र. मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, समोर दिसणाऱ्या दगडापासून नव्हे. ही हद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून लेखी घ्या.

प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, सार्वजनिक कामासाठीही नाही. तिथे चौकाचा आराखडाच सरकवा. नाल्या, पाणीपुरवठा आणि वीजपुरवठ्याची कामं 'बांधकामा'च्या व्याख्येतून वगळलेली आहेत. त्या यादीत रस्ता नाही, हे विसरू नका.

विनियमित पट्ट्यासाठी अर्ज रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने करायचा : महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. सोबत जागेच्या मालकीचे कागद, गाव नकाशा, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा स्थळ नकाशा, कामाचे आराखडे, खोदाईची खोली आणि जागेचे फोटो जोडा. खोली खरी लिहा. पायी फिरून प्रत्येक संशयास्पद दगडाचे अक्षांश-रेखांशही नोंदवा. फाईलमधला सर्वात मोलाचा कागद तोच, असं मला वाटतं. चाचणी खड्डा मात्र स्वतः मारू नका, पुरातत्त्वीय उत्खननाला वेगळी मंजुरी लागते.

सक्षम प्राधिकारी, म्हणजे असे अर्ज घेऊन परवानगी देणारा नेमलेला अधिकारी, १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस करतं, त्यानंतर महिनाभरात निर्णय कळवायचा असतो. हे साडेतीन महिने निविदेच्या आधी धरा. परवानगीशिवाय काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खोदताना नाणी, दागिने किंवा जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त मोलाची कुठलीही वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा : काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला.