हंटिंग्टन आजार आणि न रुजणाऱ्या चेतापेशी

हंटिंग्टन आजाराची चर्चा बहुतेक वेळा मरणाऱ्या पेशींपाशीच थांबते. ते साहजिकही आहे. मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या चेतापेशी वर्षानुवर्षं नष्ट होत जातात, हातपाय इच्छेविरुद्ध हलू लागतात, स्वभाव पालटतो, साधे निर्णयही जड जातात. मात्र नव्या पेशी जन्मण्याच्या आणि टिकण्याच्या कामातही हा आजार ढवळाढवळ करतो. ही बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते.

दोष एकाच जनुकात असतो. चौथ्या गुणसूत्रावरचं हे जनुक 1993 साली सापडलं. त्यात डीएनएच्या वर्णमालेतली सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा लागोपाठ येतात. 26 पर्यंतची आवर्तनं सर्वसामान्य, 40 किंवा जास्त असली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. आजार असलेल्या आई किंवा वडिलांकडून हे सदोष जनुक प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीदरम्यान दिसतात, म्हणजे अनेकदा स्वतःची मुलं झाल्यानंतर.

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं जाई. 1960च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांमध्ये याविरुद्ध पुरावा दिला, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. माणसातला पुरावा 1998 मध्ये आला. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी एक विलक्षण युक्ती वापरली. 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर घटत गेला. पेशी जन्मते तेव्हाचं हे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कोरलं जातं, त्यामुळे पेशीचं वय काढता येतं. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये, मेंदूच्या प्रत्येक बाजूला, रोज सुमारे 700 चेतापेशींची भर पडते, असा अंदाज त्यांनी 2013 मध्ये मांडला. 2018 साली दुसऱ्या एका गटाला प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कोवळ्या चेतापेशी आढळल्याच नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही.

हंटिंग्टनचं सदोष जनुक घातलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी कमी जन्मतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. माणसात मात्र चित्र गुंतागुंतीचं आहे. स्ट्रायटमला लागून असलेल्या, नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशींच्या थरात, आजारी मेंदूंमध्ये पेशींचं विभाजन उलट वाढलेलं असतं, असं 2003 मध्ये आढळलं. पुढे 2014 साली कार्बन-14च्याच पद्धतीने स्ट्रायटम तपासला, तेव्हा निरोगी माणसांत जन्मानंतर भर पडलेल्या चेतापेशी दिसल्या. हंटिंग्टनच्या वाढलेल्या अवस्थेतल्या रुग्णांत त्या जवळजवळ नव्हत्या. म्हणजे पेरणी वाढूनही पीक हाती लागत नसावं. एक कारण संभवतं: चेतापेशींना जगवणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाची निर्मिती आणि वाहतूक निरोगी हंटिंग्टिनमुळे, म्हणजे याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे, सुरळीत राहते, सदोष हंटिंग्टिनमुळे ती मंदावते.

इथे एक सावधगिरी हवी. जन्मानंतर भर पडणाऱ्या या पेशी मुख्यतः स्थानिक जोडणीच्या असतात. या आजारात सर्वाधिक मरतात त्या स्ट्रायटमबाहेर संदेश पाठवणाऱ्या काटेरी चेतापेशी. त्यामुळे नव्या पेशी वाढवल्या की आजार बरा होईल, असा सरळ हिशेब मांडता येत नाही, आणि मेंदूत नव्या पेशी उगवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर या कुटुंबांनी पैसा घालवू नये.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मला सर्वाधिक अस्वस्थ केलं. हे सदोष जनुक असलेल्या, सुमारे 13 आठवड्यांच्या मानवी गर्भांच्या मेंदूत चेतापेशी घडवणाऱ्या मूळपेशींचं वर्तन बदललेलं दिसलं. विभागत राहण्याऐवजी त्या वेळेआधीच चेतापेशी होण्याकडे वळत होत्या. लक्षणं दिसण्याच्या कित्येक दशकं आधीची ही गोष्ट. असं असूनही हे मेंदू पुढे अनेक वर्षं उत्तम काम करतात, म्हणजे उणीव भरून काढण्याची काही सोय त्यांच्यात असणार. ती कशी चालते आणि का खचते, हा प्रश्न मला औषधाच्या शोधाइतकाच निकडीचा वाटतो.

चेतापेशींची हानी रक्तातल्या न्यूरोफिलामेंट या प्रथिनावरून लक्षणांच्या आधीही ओळखता येऊ लागली आहे. नव्या पेशींसाठी मात्र जिवंत माणसावर वापरता येईल अशी खात्रीची चाचणी आज नाही. प्रौढांमधली वरची बहुतेक निरीक्षणं मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंमधून आली, त्यांतले कितीतरी कुटुंबीयांच्या संमतीने दान झालेले. नव्या पेशी जगवणारं औषध उद्या मिळालं, तरी ते माणसात काम करतंय का हे पाहायला आधी अशी चाचणी लागेल.