डी ड्राइव्ह दोघांचा कसा झाला

आपल्याकडे असेंबल करून घेतलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बहुतेक वेळा सी, डी, ई अशी वाटून दिलेली असायची. व्हायरस शिरला की दुकानदार सी फॉरमॅट मारायचा. फोटो, गाणी, कामाच्या फाइल डीवर सुखरूप राहायच्या. पुढे ज्यांनी त्याच मशीनवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, त्यांना साहजिकच वाटलं की हा डी दोन्हीकडून वापरता यावा. आज ते दोन क्लिकचं काम आहे. ते तसं व्हायला दीड दशक लागलं, आणि त्यामागची मेहनत जवळजवळ सगळी एकाच बाजूची आहे.

डिस्क वाटायची सोय १९८३ची. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आणि डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टिम आली. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, नोंदीचा तक्ता असे, त्यामुळे एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदू शकत होत्या. जागा वाटून मिळाली, पण एकीने लिहिलेलं दुसरीला वाचता येणं ही वेगळी गोष्ट.

सुरुवातीला ते जमलं ते फॅटमुळे. मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७मध्ये फ्लॉपीसाठी रचलेली ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, अगदी साधी: फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे, हे एका तक्त्यात ओळीने लिहिलेलं. लिनक्स १९९१मध्ये आलं आणि वेर्नर आल्मेसबेर्गर यांनी लवकरच त्याला डॉसच्या डिस्क वाचायला-लिहायला शिकवलं. कॉम्प्युटर सुरू होताना कुठली सिस्टिम हवी हे विचारणारा लिलो हा बूटलोडरही त्यांचाच. ड्युअल बूटचे, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम नांदवण्याचे, दोन्ही खांब एकाच माणसाने रोवले, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९९६मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली आणि बरीच वर्षं सामायिक पार्टिशनचं उत्तर तेच राहिलं. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, म्हणजे डीव्हीडीची ४.७ जीबीची इमेज ठेवता येत नाही. फाइल कुणाच्या मालकीची, कुणाला परवानगी, याचीही नोंद नाही. लिनक्स ते सगळं माउंट करताना, म्हणजे पार्टिशन वापरायला जोडून घेताना, ठरवतं. मराठी माणसाला आणखी एक गोष्ट भोवायची. विंडोज लांब नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतात, साठवत असे, पण लिनक्समध्ये पार्टिशन माउंट करताना यूटीएफ-८चा (युनिकोड लिहायच्या एका पद्धतीचा) पर्याय दिला नसेल, तर ‘लग्नपत्रिका’ नावाच्या फाइलच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. फाइल शाबूत असायची. काय कसं माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये एक शब्द वाढवला की नाव परत यायचं.

खरी अडचण एनटीएफएसची. विंडोज एनटीबरोबर १९९३मध्ये आलेली ही फाइल सिस्टिम २००१नंतर एक्सपीमुळे घरोघरी पोचली. तिची आतली रचना मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे उघड केलेली नव्हती. लिनक्सवाल्यांनी डिस्कवरचे बाइट न्याहाळून ती उलगडली. मार्टिन फॉन लोविस यांनी पहिला ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला ती वाचू देणारा प्रोग्रॅम, लिहिला, अँटॉन अल्टापार्माकोव्ह यांनी २००२च्या सुमारास तो नव्याने बांधला. वाचणं उत्तम चाले. लिहिण्याच्या पर्यायासमोर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘धोकादायक’ असा शेरा होता, आणि तो प्रामाणिक होता. असलेल्या फाइलचा आकार न बदलता तिच्यात लिहिता येई, नवी फाइल तयार करता येत नसे. २००३मध्ये यान क्राटोखविल यांनी तर विंडोजचाच मूळ ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवून दाखवला.

कोंडी फुटली ती साबोल्च साकासित्स या हंगेरियन प्रोग्रॅमरमुळे. त्यांच्या एनटीएफएस-३जीची पहिली स्थिर आवृत्ती फेब्रुवारी २००७मध्ये आली. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा, फ्यूज या व्यवस्थेवर चालतो. थोडा संथ, पण भरवशाचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सच्या ७.१० आवृत्तीत तो आपोआप मिळू लागला आणि सामायिक पार्टिशनसाठी फॅट३२चं बंधन उरलं नाही.

मग २०१२मध्ये विंडोज ८ने फास्ट स्टार्टअप आणलं. शट डाउन केलं तरी विंडोज आपल्या कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि एनटीएफएस पार्टिशन त्याच्या लेखी उघडंच राहतं. अशा वेळी लिनक्सने तिथे लिहिलं तर विंडोज परत येऊन जुन्या आठवणीवर विसंबतं आणि फाइली बिघडतात. म्हणून एनटीएफएस-३जी लिहायला नकार देतं. लोकांना तो लिनक्सचा दोष वाटतो. खरं तर त्या नकारामुळे त्यांचा डेटा वाचलेला असतो. ड्युअल बूट असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा, यात मी कुठलीही सवलत देणार नाही.

एक्सफॅट या फॅटच्या पुढच्या अवताराचं तपशीलवार वर्णन मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये खुलं केलं आणि २०२०मध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. तिच्यात ४ जीबीची अट नाही, पण जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ठेवलेली नोंद, तीही नाही. लिहिताना वीज गेली तर सावरायला आधार कमी. पेन ड्राइव्हला ती चांगली, घरच्या डिस्कला मी एनटीएफएसच ठेवेन. ऑक्टोबर २०२१पासून पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा वेगवान ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये आहे. पार्टिशनची पुरती दुरुस्ती मात्र अजूनही विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी लागते.

उलट दिशेने काय झालं? रेमी कार यांची एक्स्ट-२ ही लिनक्सची फाइल सिस्टिम १९९३ची, तिची रचना सर्वांना खुली. तरी तिच्यासाठी विंडोजवरचे ड्रायव्हर बाहेरच्या हौशी लोकांनीच लिहिले. विंडोज ११मध्ये तिची पुढची आवृत्ती एक्स्ट-४ उघडायची अधिकृत सोय आहे, पण ती विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्स कर्नलमार्फत, आणि त्यासाठी अख्खी डिस्क त्याच्या हवाली करावी लागते. ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती देता येत नाही, त्यामुळे एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपवर डी ड्राइव्ह एनटीएफएसचाच राहतो.