कट्टरता-प्रतिबंध : कुटुंब व मित्र

हिंसेला न्याय्य ठरवणाऱ्या विचाराकडे एखादी व्यक्ती ओढली जात असताना तिला थोपवण्यासाठी जवळच्या माणसांनी केलेले प्रयत्न. हा बदल पोलिसांच्या कितीतरी आधी घराला जाणवतो. एकट्याने दहशतवादी कृत्य केलेल्या वा आखलेल्या ११९ जणांचा अभ्यास पॉल गिल, जॉन हॉर्गन व पेज डेकर्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के प्रकरणांत हा हेतू घरच्यांना किंवा मित्रांना त्या व्यक्तीच्याच तोंडून कळला होता. तरीही माणसे गप्प राहतात, कारण पोरगा तुरुंगात जाईल आणि चारचौघांत बभ्रा होईल अशी धास्ती असते.

ही धास्ती ओळखून डेन्मार्कमधील ऑर्हूस शहरात पोलीस, नगरपालिका, शाळा आणि समाजसेवा विभाग एकत्र आले. काळजीत पडलेल्या पालकाचे आधी ऐकून घेतले जाते, तरुणाला गरजेनुसार मार्गदर्शक दिला जातो आणि शिक्षण, नोकरी, घर यांसाठी मदत होते. ज्यांची मुले सीरियातील युद्धात लढायला गेली, अशा पालकांचे गटही तेथे भरत. २०१३ पर्यंत शहरातून तीसेक तरुण सीरियाला गेले होते. २०१४ मध्ये एकच गेल्याची नोंद झाली. सगळे श्रेय या योजनेला देता येणार नाही, पण घट मोठी आहे. गुन्हा केलेल्यांना मात्र माफी नव्हती.

जर्मनीत नवनाझींना, म्हणजे हिटलरचा विचार मानणाऱ्यांना, त्या चळवळीतून बाहेर काढण्यासाठी २००० साली ‘एक्झिट’ ही संस्था निघाली. तिच्याच अनुभवातून इस्लामी कट्टरतेत अडकलेल्यांच्या कुटुंबांसाठी ‘हयात’ हे समुपदेशन केंद्र उभे राहिले. येथे समुपदेशक पुष्कळदा मुलाशी न बोलता त्याच्या आईशी बोलतो. धर्मावर वा राजकारणावर वाद घालू नका, त्याने मूल आणखी दुरावते. अपमान, एकटेपणा, हुकलेली नोकरी यांपैकी नेमके काय सलते ते विचारा, आणि काहीही झाले तरी बोलणे तोडू नका, हा सल्ल्याचा गाभा. दाढी राखणे किंवा नमाज, पूजा वाढणे ही खूण नव्हे; तसे मानल्यास निरपराध मूलच दुखावते. जुने मित्र एकाएकी सोडणे, दुसऱ्या समाजाला माणूस न मानणे, हत्येचे समर्थन करणे, निरवानिरव करणे यांकडे लक्ष द्यावे.

मित्रांचे स्थान नाजूक असते, कारण या वाटेवर नेणाराही बहुधा मित्रच असतो.

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि तेथून ‘आयसिस’ या दहशतवादी संघटनेकडे वळले. घरच्यांना ते गेल्यावरच कळले. पुढे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने काही तरुणांच्या बाबतीत अटकेऐवजी पालक व मौलवी यांच्या मदतीने समुपदेशन केले.