मॉरिशसच्या वह्यांत सापडणारे पणजोबा

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या मॉरिशस दौऱ्यात जाहीर झालं की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकेल. सातव्या पिढीतल्या माणसाने पहिला पूर्वज शोधायचा कुठे? सुरुवात होते ती मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या, हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांच्या नोंदींच्या वह्यांपासून.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला आदल्याच वर्षी सुरुवात झाली होती. पुढे जवळपास पाच लाख माणसं आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही हजारो गेली. त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर, आजच्या आप्रवासी घाटावर, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत जहाज, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरची खूणसुद्धा लिहिली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना बाळगणं सक्तीचं झालं. हे सगळं मजुराला बांधून ठेवण्यासाठी होतं, त्याची आठवण राहावी म्हणून नव्हे. तरी आज अनेक घराण्यांना पूर्वजाचा चेहरा दिसतो तो याच फोटोंत. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

शोधाची खरी किल्ली हा क्रमांकच. स्वतःच्या जन्मदाखल्यावरून आईवडिलांचा, मग आजोबांचा दाखला काढत मागे गेलं की जुन्या जन्म-विवाहाच्या नोंदींत नावाशेजारी तो आढळतो. नावाच्या भरवशावर राहता येत नाही. कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते रोमन लिपीत उतरवलं. शिवाय पहिल्या पूर्वजाचं नावच अनेकदा पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. ते आडनाव घेऊन कोकणात भाऊबंद शोधायला आलेल्या माणसाला ते कुणाकडेच सापडत नाही.

जिल्ह्याचंही तसंच. वहीत रत्नागिरी असेल तर गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं, कारण हा जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. साताऱ्याचा काही भाग आता सांगलीत आहे.

इकडे महाराष्ट्रात आल्यावर वाट आणखी अरुंद होते. निघालेल्यांच्या काळात जन्माची सक्तीची सरकारी नोंद नव्हती. महसुलाच्या दप्तरात जमीनधारक सापडतो, आणि गेलेल्यांत भूमिहीनही होतेच. कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांच्या, म्हणजे घराण्यांची पिढीजात माहिती जपणाऱ्यांच्या, वंशावळी आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. पण तिथे मॉरिशसचा क्रमांक कामाचा नाही. गाव, कूळ आणि मागे राहिलेल्या एखाद्या भावाचं नाव विचारलं जातं, आणि वहीत त्यातलं फार तर गाव मिळतं.