सैदनाया जेलचा नकाशा आवाजांवरून कसा बनला

सीरियातलं सैदनाया जेल दमास्कसच्या उत्तरेला, साधारण 30 किलोमीटरवर. 2016 साली तिथले आतले ताजे फोटो कोणाकडेच नव्हते, बाहेरच्या कोणाला आत सोडत नव्हते, आणि जे सुटून आले त्यांनीसुद्धा जेल धड बघितलं नव्हतं कारण ने-आण करताना डोळ्यांवर पट्टी, आणि गार्ड कोठडीत आला की डोळे झाकून घ्यायचे. वर बोलायला बंदी. मग साक्ष देणार कशाची तर जे कानावर पडलं त्याची.

अ‍ॅम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना आणि इमारती-जागांच्या अभ्यासातून अत्याचारांचा तपास करणारी लंडनची फॉरेन्सिक आर्किटेक्चर ही टीम या सुटलेल्या लोकांना इस्तंबूलमध्ये भेटली, सोबत लॉरेन्स अबू हमदान हा साउंड आर्टिस्ट. आवाज कुठे कसा घुमतो, कसा विरतो हे बारकाईने ऐकणं हेच त्याचं रोजचं काम, आणि तपासाला नेमकं तेच हवं होतं. एकच आवाज कमी-जास्त घुमवून ऐकवायचा आणि विचारायचं, दार आपटल्यावर असं वाजायचं की तसं? मोठ्या जागेत आवाज भिंतींवर आपटत बराच वेळ रेंगाळतो, छोट्या खोलीत लगेच संपतो, त्यामुळे घुमणं जुळलं की जागा केवढी असेल याचा अंदाज येतो. शेजारी आर्किटेक्ट कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतायत, साक्षीदार सांगेल तशी भिंत सरकवतायत आणि ते बघून त्याला आणखी काहीतरी आठवतंय, असं चालायचं.

एकाला तर कॉरिडॉर गोल आठवत होता. इमारतीत तसं असणं शक्यच नव्हतं, पण टीमने ती आठवण फेकून दिली नाही, मार खाताना माणसाला जागा कशी जाणवते हे त्यातून कळत होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नुसती मापं घेणाऱ्याने ती चूक म्हणून खोडली असती.

आणि मग कुजबुज. कैदी एकमेकांशी किती आवाजात कुजबुजू शकत होते याची तुलना केली तर सीरियातल्या 2011 च्या सरकारविरोधी आंदोलनानंतर ती पातळी 19 डेसिबलने खाली गेलेली निघाली. 10 डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट कमी, म्हणजे 19 ला जवळपास 80 पट, कानाला तो आवाज पूर्वीच्या साधारण पाव वाटणार. एवढं दबून बोलायची वेळ का आली असेल? अ‍ॅम्नेस्टीचा 2017 चा रिपोर्ट सांगतो, सप्टेंबर 2011 ते डिसेंबर 2015 या काळात तिथे 5,000 ते 13,000 माणसांना फाशी दिली गेली असावी.