कानामागची गाठ आणि दोन आजारांची गल्लत

कानाभोवती, कपाळावर किंवा डोक्याच्या त्वचेवर लालसर-तपकिरी पुळ्या येतात. कधी एकच, कधी झुपक्याने. काहींना खाज सुटते, जरा नख लागलं की रक्त येतं, क्वचित हाताला नाडीसारखे ठोके लागतात. किडा चावला असेल म्हणून मलमं लावून होतात, पण पुळी जागची हलत नाही. बहुतेक रुग्ण विशी ते पन्नाशीतले. नाव मात्र भलतंच लांबलचक: अँजिओलिम्फॉइड हायपरप्लेजिया विथ इओसिनोफिलिया. डॉक्टर 'एएलएचई' म्हणून मोकळे होतात, आपणही तेच करू.

ही गाठ कर्करोगाची नाही. पण नुसत्या नजरेने तसं छातीठोक सांगता येत नाही, कारण त्वचेचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) आणि रक्तवाहिन्यांचे काही कर्करोगही असेच दिसू शकतात. म्हणून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. तीही पुरेशी खोल हवी, वरचा पापुद्रा घेऊन भागत नाही.

खरी गंमत मायक्रोस्कोपखाली आहे. निरोगी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी चपट्या असतात. एएलएचईमध्ये त्या फुगतात आणि वाहिनीच्या पोकळीत डोकावतात. भोवती लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. इओसिनोफिलमधले कण इओसिन या रंगाने लालभडक होतात, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते. नेमका इथेच घोळ झाला.

1937 मध्ये चीनमध्ये इतरांनी आणि 1948 मध्ये जपानमध्ये किमुरा यांनी वर्णन केलेल्या 'किमुरा आजारा'तही डोक्या-मानेवर गाठी येतात आणि त्यात इओसिनोफिल भरपूर असतात. 1969 मध्ये वेल्स आणि व्हिमस्टर यांनी एएलएचईचं वर्णन केलं, आणि पुढे बराच काळ दोन्ही आजार एकच धरले गेले. किमुरा आजार मुख्यतः आशियाई तरुण पुरुषांत दिसतो. गाठी मोठ्या आणि खोल असतात, लसिकाग्रंथी सुजतात, रक्तातले इओसिनोफिल आणि आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) वाढतात, आणि काहींच्या मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. अस्तराच्या पेशी मात्र फुगत नाहीत. म्हणजे पाहायचं ते अस्तर. रक्ताच्या रिपोर्टवर एकट्यावर विसंबणं तर आपल्याकडे आणखी धोक्याचं, कारण जंत, दमा आणि अ‍ॅलर्जीतही इओसिनोफिल वाढतात.

उलट बाजूचीही एक फसगत आहे. फुगलेल्या पेशी पाहून अँजिओसार्कोमा या घातक कर्करोगाची शंका येऊ शकते. सीडी 31 सारख्या रंगचाचण्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या आहेत एवढंच सांगतात. सौम्य की घातक, ते नाही. ते ठरतं रचनेवरून: वाहिन्या नीट घडलेल्या आहेत का, पेशींचं विभाजन बेताल आहे का. शिवाय गाठीच्या तळाशी एखादी इजा झालेली मोठी धमनी किंवा शीर सापडली, तर पारडं एएलएचईकडे झुकतं. रुग्णाचं वय आणि गाठीची जागा न लिहिता तुकडा लॅबला पाठवणं म्हणूनच मला बेफिकिरी वाटते.

ही खरी अर्बुदं, म्हणजे पेशींच्या स्वतःहून वाढणाऱ्या गाठी (ट्यूमर), की इजेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. काही गाठींत फॉस आणि फॉसबी या जनुकांची मोडतोड आढळली आहे, त्यामुळे अर्बुदवाल्यांना बळ मिळालंय. शल्यविशारदाला मात्र या वादापेक्षा तळाची ती वाहिनी महत्त्वाची. ती मागे राहिली की गाठ पुन्हा उगवण्याचा धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेत वाहिनीचा तो भागही गाठीबरोबर काढतात.