राज्य बदललं की अंत्यविधीचा परवाना का बदलतो?

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या संस्थेत, नुकतेच एक सहकारी टेक्सासहून रुजू झाले. तिकडे त्यांनी हेच काम बरीच वर्षं केलं आहे. पूर्वी ह्यूस्टनला राहिलेलं एक मराठी कुटुंब आईच्या अंत्यसंस्कारासाठी आमच्याकडे आलं आणि त्या कुटुंबाने या सहकाऱ्यांना लगेच ओळखलं. "आमच्या काकांचं सगळं यांनीच केलं होतं, आईचंही यांनाच करू द्या," असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला नाही म्हणावं लागलं, या सहकाऱ्यांकडे अजून न्यू जर्सीचा परवाना नाही. त्या घडीला कारण नीट सांगताही आलं नाही, कारण दुःखात असलेल्या माणसांसमोर कायद्याची भाषा काढवत नाही. म्हणून हे पत्रक, सवडीनं वाचण्यासाठी.

आपल्याकडे या कामाला परवाना लागतो हीच गोष्ट पटकन पटत नाही. गावात किंवा सोसायटीत कुणी गेलं की शेजारी बांबू आणतात, तिरडी बांधतात, कुणी मडकं आणायला धावतं. डॉक्टरांचा दाखला घेऊन स्मशानात नोंद केली की बाकीचं सगळं माणसंच करतात. अमेरिकेत तसं नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या राज्यांत तर परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरशिवाय, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाशिवाय, दहन किंवा दफन होऊच शकत नाही. मृत्यूचा दाखला दाखल करणं, मृतदेह हलवण्याची आणि दहनाची परवानगी मिळवणं ही सगळी कामं त्यांच्या सहीनं होतात.

हा परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापला देतं. न्यू जर्सीत त्यासाठी स्टेट बोर्ड ऑफ मॉर्च्युअरी सायन्स हे राज्याचं मंडळ आहे. इथे एकाच परवान्यात अंत्यविधीची व्यवस्था आणि एम्बामिंग, म्हणजे मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया, दोन्ही येतात. कॅलिफोर्नियात या दोन कामांचे परवाने वेगवेगळे आहेत. कायदेही सारखे नाहीत. टेक्सासमध्ये मृत्यूनंतर साधारणपणे 48 तास दहन करता येत नाही, न्यू जर्सीत 24 तास. "सूर्यास्ताच्या आत अग्नी द्यायचा आहे" असं घरचे म्हणतात तेव्हा इथला नियम तोंडपाठ असलेला माणूसच त्यांना खरं उत्तर देऊ शकतो. टेक्सासमध्ये फ्युनरल होमची स्वतःची दाहिनी असू शकते. इथे ती आम्हाला ठेवता येत नाही, दहनाची वेळ दुसरीकडच्या दाहिनीकडून मागून घ्यावी लागते. अनुभवी माणूसही पहिल्या महिन्यात इथेच चुकेल, आणि त्याची झळ तुम्हाला बसेल.

म्हणून दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला नव्याने अर्ज करावा लागतो. शिक्षण पुन्हा घ्यावं लागतंच असं नाही. मान्यताप्राप्त मॉर्च्युअरी कॉलेजची पदवी आणि राष्ट्रीय परीक्षेचे गुण बहुतेक राज्यं ग्राह्य धरतात. त्या परीक्षेचे दोन भाग असतात: एक समाज, व्यवहार आणि कायद्याचा, दुसरा शरीरशास्त्र आणि एम्बामिंगचा. खरा वेळ खातात ते कागद. जुन्या राज्याच्या बोर्डाने परवाना चालू आहे आणि कारवाई झालेली नाही असं पत्र थेट नव्या बोर्डाकडे पाठवायचं असतं, अर्जदाराच्या हाती दिलेली प्रत सहसा चालत नाही. कॉलेजची गुणपत्रिकाही तशीच जाते. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, शुल्क, आणि शेवटी नव्या राज्याच्या कायद्यावरची परीक्षा. काही राज्यं आधीच्या अनुभवाची ठरावीक वर्षंही मागतात.

सगळीकडे इतकं कडक नाही. ॲरिझोनाने 2019 मध्ये कायदा करून इतर राज्यांचे व्यावसायिक परवाने सरसकट मान्य करायला सुरुवात केली, अट एवढीच की माणूस तिथे राहायला आलेला हवा आणि परवाना किमान वर्षभराचा, स्वच्छ हवा. लष्करातल्या व्यक्ती आणि त्यांचे पती किंवा पत्नी यांना 2023 पासून केंद्राच्या कायद्याने सवलत आहे.

ढिलाईचं टोक म्हणजे कोलोरॅडो. तिथे 1983 मध्ये परवान्याची पद्धतच रद्द झाली. पुढे चाळीस वर्षं हे काम करायला राज्याकडून वैयक्तिक परवाना लागत नव्हता. 2023 मध्ये पेनरोझ गावातल्या एका इमारतीत जवळपास 190 मृतदेह कुजलेल्या अवस्थेत सापडले, आणि कितीतरी घरांना कळलं की आपण अस्थी म्हणून जे जपलं ते भलतंच काही होतं. 2024 मध्ये तिथे कायदा झाला, 2027 पासून परवाना सक्तीचा होईल. परवान्याची कटकट वाटते तेव्हा आम्हाला ती घरं आठवतात. 2027 पर्यंत कोलोरॅडोतून येणाऱ्या प्रामाणिक माणसाकडेही बदलून घ्यायला राज्याचा परवानाच नसतो, त्याला शिक्षण आणि परीक्षेच्या जोरावरच उभं राहावं लागतं.

आमचे नवे सहकारी परवाना मिळेपर्यंत तुमच्या सोबत असतील, हॉल लावतील, गुरुजींना काय हवं नको ते पाहतील. दर ठरवणं, सही करणं आणि एम्बामिंग ते करणार नाहीत. आमच्याकडेच नव्हे, कुठेही गेलात तरी एक प्रश्न जरूर विचारा: "दाखल्यावर सही कोणाची असेल?" ते नाव राज्य बोर्डाच्या संकेतस्थळावर शोधा, परवाना चालू आहे का ते फुकटात दिसतं. हे विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

आई-वडील मुलीकडे डलासला गेले आणि तिथेच काही झालं, तर आम्ही न्यू जर्सीतून जाऊन तिथलं काम करू शकत नाही. आम्हाला फोन करा, आम्ही तिथल्या परवानाधारकाशी बोलून मृतदेह इकडे आणण्याची व्यवस्था करतो. यात दोन बिलं येतात, एक पाठवणाऱ्याचं, एक स्वीकारणाऱ्याचं. केंद्राच्या 1984 पासूनच्या फ्युनरल नियमानुसार ही सेवा देणाऱ्या फ्युनरल होमच्या दरपत्रकात हे दोन्ही दर वेगळे छापलेले असले पाहिजेत आणि फोनवर विचारले तरी सांगितले पाहिजेत. सही करण्याआधी दोन्हीकडचे आकडे मागून घ्या, घाईत असलात तरी.